आधी तारा, मग ग्रह: कोकण किनाऱ्यावरून बाह्यग्रहांचे वेध घेण्याविषयी

राजापूर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे २० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण आणि तिला जोडता येणारा साधा खगोलीय कॅमेरा आहे, गावाबाहेर अंधारा सडा (कातळाचे उघडे पठार) आहे आणि अकरावी-बारावीची उत्साही मुले आहेत. जेम्स वेब आणि टेस यांच्यासारख्या दुर्बिणी अवकाशात असताना समुद्रसपाटीजवळच्या दमट हवेतून, एवढ्या लहान दुर्बिणीने बाह्यग्रहांचा, म्हणजे सूर्याव्यतिरिक्त इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा, अभ्यास करण्यात काही अर्थ आहे का, की मुलांना सरळ अवकाशातील दुर्बिणींच्या नोंदी संगणकावर उतरवून द्याव्यात, असे त्यांनी विचारले आहे. ताऱ्यांच्या प्रकाशमापनाचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि त्यातील बरेचसे याच किनाऱ्यावर केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्थ निश्चित आहे. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की करून द्यावी, ती ही की आपण ग्रह पाहणार नाही आणि मोजणारही नाही. आपण तारा मोजणार आहोत. ग्रहाविषयी जे काही समजते ते ताऱ्याच्या प्रकाशात झालेल्या अतिशय लहान बदलावरून, आणि तो बदल ग्रहामुळे झाला, ताऱ्यामुळे झाला की आपल्या डोक्यावरच्या हवेमुळे झाला, हे ओळखण्यातच या शास्त्राचे बहुतेक कष्ट खर्च होतात. टोपलीचे वजन ठाऊक नसेल तर आतल्या मासळीचे वजन सांगता येत नाही, तसेच हे आहे. वेबवर काम करणाऱ्या संशोधकालाही हीच अडचण असते आणि सड्यावर दुर्बीण लावणाऱ्या विद्यार्थ्यालाही हीच असते.

ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा जेवढा भाग झाकला जातो तेवढा प्रकाश कमी होतो. यालाच अधिक्रमण म्हणतात. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण एक दशांश आहे, म्हणून दूरच्या निरीक्षकाला गुरूच्या अधिक्रमणात सूर्यप्रकाश सुमारे एक टक्क्याने घटलेला दिसेल. पृथ्वीची त्रिज्या सूर्याच्या १०९ व्या भागाएवढी असल्याने तिच्यामुळे होणारी घट दहा लाखांत फक्त ८४ भाग एवढी असेल. या घटीवरून थेट मिळते ते केवळ ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर. ताऱ्याची त्रिज्या दहा टक्क्यांनी चुकली तर ग्रहाचीही तेवढीच चुकते, आणि घनता काढताना ती चूक साधारण तिप्पट होते. मग तो ग्रह खडकाचा की वायूचा, हा निष्कर्षच फिरू शकतो. युरोपच्या गाया या यानाने ताऱ्यांची अंतरे अचूक मोजली, त्यावरून ताऱ्यांच्या त्रिज्या सुधारल्या आणि त्याबरोबर आधीच सापडलेल्या अनेक ग्रहांचे आकारही सुधारावे लागले. त्या ग्रहांकडे नव्याने कोणी पाहिलेही नव्हते.

ताऱ्याच्या पृष्ठभागावर डाग असतील तर प्रश्न आणखी अवघड होतो. ग्लीझ ४८६ बी या खडकाळ ग्रहाचे वेबने घेतलेले वर्णपट (प्रकाश तरंगलांबीनुसार विभागून केलेल्या नोंदी) २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात पाण्याच्या वाफेसारखी खूण दिसली. पण ती वाफ ग्रहाच्या वातावरणातील आहे, की त्या थंड लाल ताऱ्याच्या आणखी थंड डागांमधील, हे त्या वेधांवरून ठरवता आले नाही. साडेसहा मीटर व्यासाचा आरसा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर नेऊन ठेवल्यानंतरही अडचण उरली ती ताऱ्याचीच. म्हणून के२-१८ बी या ग्रहावर सजीवांशी संबंधित रेणू सापडल्याच्या बातम्या मुलांनी वाचल्या असतील, तर त्यांना एवढेच सांगावे की मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या खुणा २०२३ मध्ये जाहीर झाल्या, डायमिथाइल सल्फाइडचा दावा मात्र तज्ज्ञांमध्ये वादाचा आहे. माझ्या मते उपलब्ध पुरावा त्या दाव्याचे वजन पेलण्याएवढा भक्कम नाही.

आता अवकाशातील दुर्बिणींना जे जमते ते जमिनीवरून का जमत नाही, ते पाहू. २००९ मध्ये सोडलेल्या केपलर दुर्बिणीने हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांकडील आकाशाच्या एकाच तुकड्यातील सुमारे दीड लाख ताऱ्यांकडे चार वर्षे टक लावून पाहिले. रात्र-दिवस नाही, ढग नाहीत, लुकलुकणे नाही. म्हणून तिला पृथ्वीएवढ्या ग्रहांमुळे होणारी घट पकडता आली. २०१८ मध्ये गेलेल्या टेसला जवळचे आणि तेजस्वी तारे शोधायचे होते, म्हणून तिला चार रुंद दृष्टिक्षेत्राचे कॅमेरे दिले आणि प्रत्येकाच्या भिंगाचा व्यास साधारण १० सेंटिमीटर ठेवला, म्हणजे आपल्या दुर्बिणीच्या निम्मा. वेबचे बळ अवरक्त किरणांत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये वॅस्प-३९ बी या ग्रहाच्या वातावरणात तिने कार्बन डायऑक्साइड स्पष्टपणे दाखवला, तो ४.३ मायक्रॉन तरंगलांबीपाशी. जमिनीवरून हे करता येत नाही, कारण त्याच तरंगलांबीचा प्रकाश आपल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड गिळून टाकतो. जी खूण शोधायची तीच आपल्या हवेतही असेल, तर हवेच्या बाहेर जावेच लागते.

मात्र टेसची एक मर्यादा आहे आणि तीच जमिनीवरील लहान दुर्बिणींना काम देते. टेसच्या कॅमेऱ्याचा एक चित्रबिंदू आकाशातील २१ विकला व्यापतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). एवढ्या जागेत अनेकदा दोन-तीन तारे एकत्र मिसळतात, आणि त्यांतील एखादा मंद तारा म्हणजे एकमेकांना झाकणारी जोडी असेल तर तिचे खोल ग्रहण शेजारच्या तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशात विरघळून ग्रहाच्या अधिक्रमणासारखे दिसते. अशा वेळी जमिनीवरून एक-दोन विकलांच्या बारकाईने तोच प्रदेश टिपला की खरा झाकला जाणारा तारा कोणता, हे एका रात्रीत कळू शकते. टेसने सुचवलेल्या अनेक संभाव्य ग्रहांची छाननी जगभरातील लहान दुर्बिणींनी अशीच केली आहे आणि त्यांत हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणीही आहेत.

मोठ्या दुर्बिणी जमिनीवरून दुसरे एक मोलाचे काम करतात, ते ताऱ्याचा वेग मोजण्याचे. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढे-मागे होतो आणि त्याच्या वर्णपटातील रेषा त्याप्रमाणे सरकतात. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतील १.९३ मीटर दुर्बिणीने ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह असाच शोधला. तो ग्रह ४.२ दिवसांत ताऱ्याभोवती फेरी मारतो, आणि या शोधासाठी दोघांना २०१९ चे नोबेल मिळाले. हा तारा ५.५ प्रतीचा आहे (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या पश्चिमेला, अगदी लगत, अंधाऱ्या सड्यावरून तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो आणि द्विनेत्रीतून सहज दिसतो. मुलांना तो जरूर दाखवावा. आपल्याकडे अबू पर्वतावर गुरुशिखर येथे भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा ‘पारस’ हा वर्णपटमापक हेच काम करतो. त्याच्या साहाय्याने सापडलेल्या पहिल्या ग्रहाची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि आता तेथे २.५ मीटर दुर्बिणीवर ‘पारस-२’ काम करत आहे. गुरूमुळे सूर्याला मिळणारा वेग सेकंदाला साधारण साडेबारा मीटर आहे, तर पृथ्वीमुळे मिळणारा जेमतेम नऊ सेंटिमीटर. सूर्यासारख्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरचा वायू त्याहून कितीतरी जास्त वेगाने खाली-वर उसळत असतो, म्हणून दुसरी पृथ्वी शोधण्याच्या वाटेत येथेही ताराच आडवा येतो.

वर्णपटाचा विषय निघाला आहे तर विजयदुर्गाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते, कारण या किनाऱ्यावरील प्रत्येक खगोल मंडळात ही गोष्ट सांगितली जाते आणि बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे आपण ऐकत आलो आहोत. त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा भारतावरून गेला हे खरे, फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सन यांनी ते गुंटूरहून पाहिले हेही खरे. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट तेथूनच घेतला आणि त्यातील ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही, हे पुढे आले. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि मेलपोमीन या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी घेऊन त्यांनी तेथे मोठा वेधतळ उभारला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात त्यांचा संबंध या मोहिमेशी जोडणे मला सयुक्तिक वाटते. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथून घेतले होते. खरा इतिहास आपल्या किनाऱ्याला कमीपणा आणत नाही. ताऱ्याच्या वर्णपटाचा अभ्यास करण्यासाठी त्या काळातील एक अग्रगण्य शास्त्रज्ञ कोकणात तळ ठोकून राहिला, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे.

बाह्यग्रहांच्या अभ्यासात हेलियमने पुन्हा प्रवेश केला तो २०१८ मध्ये. वॅस्प-१०७ बी या ग्रहाचे वातावरण ताऱ्याच्या प्रखर उत्सर्जनामुळे तापून अवकाशात वाहून जात आहे, हे हबल दुर्बिणीने १,०८३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हेलियमच्या खुणेवरून दाखवले. या खुणेचे आणि १८६८ च्या पिवळ्या रेषेचे नाते फार जवळचे आहे, कारण १,०८३ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून हेलियमचा अणू ज्या ऊर्जापातळीवर पोहोचतो, तिच्यावरच पिवळ्या रेषेची उडी येऊन संपते. शिवाय या तरंगलांबीला आपली हवा बरीचशी पारदर्शक आहे. त्यामुळे हबलच्या शोधानंतर हे काम जमिनीवरून झपाट्याने पुढे गेले, आणि स्पेनमधील कालार आल्तो येथील ३.५ मीटर दुर्बिणीने एचडी १८९७३३ बी या ग्रहाभोवतीचा हेलियम त्याच वर्षी टिपला. अवकाशातील आणि जमिनीवरील दुर्बिणींत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न मुले विचारतातच. त्याचे उत्तर प्रत्येक तरंगलांबीसाठी आणि प्रत्येक कामासाठी वेगळे द्यावे लागते.

हाच एचडी १८९७३३ आपल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या ग्रहासाठी निवडावा असे मी सुचवेन. जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघापासून जेमतेम पाव अंशावर हा ७.७ प्रतीचा तारा आहे, म्हणून शोधायला सोपा. ग्रह २.२ दिवसांत फेरी पूर्ण करतो, अधिक्रमण पावणेदोन तासांच्या आसपास चालते आणि प्रकाश सुमारे २.४ टक्क्यांनी घटतो. घट एवढी मोठी आहे की २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला ती अवघड जाऊ नये. अडचण एकच: पावसाळ्यात तो रात्रभर डोक्यावर असतो आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच आकाशाचा तुकडाही दिसत नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, अंधार पडल्यापासून पुढचे थोडे तास एवढाच काळ हाती लागतो. दुसरा पर्याय महाश्वातील एचडी २०९४५८, ज्याचे अधिक्रमण १९९९ मध्ये, कोणत्याही बाह्यग्रहाचे पहिले म्हणून, नोंदले गेले. त्या वेळी वापरलेल्या दुर्बिणींपैकी एक फक्त १० सेंटिमीटरची होती, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. याची घट दीड टक्का आणि कालावधी तीन तास. राजापूरच्या अक्षांशावरून हा तारा खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) दोन-सव्वादोन अंशांवरून जातो, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाला हवेचा सर्वांत पातळ थर ओलांडावा लागतो. विषुववृत्तीय माउंटला (ताऱ्याच्या गतीबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीला) मात्र मध्यान्हवृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना दुर्बीण उलटवावी लागते. ती वेळ अधिक्रमणाच्या सुरुवातीवर किंवा शेवटावर येणार नाही अशीच रात्र निवडावी.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळासाठी सिंहेच्या दक्षिणेला असलेल्या सेक्स्टन्स या मंद तारकासमूहातील वॅस्प-४३ बी चांगला आहे. तारा १२.४ प्रतीचा, म्हणजे बराच मंद, पण घट अडीच टक्के आणि अधिक्रमण सव्वा तासाचे, त्यामुळे आधीचा-नंतरचा एकेक तास धरूनही काम मध्यरात्रीपर्यंत उरकते. दुसऱ्या दिवशी कॉलेज असलेल्या मुलांसाठी ही गोष्ट लहान नाही. याच तारकासमूहात एचडी ८६०८१ हा तारा आहे, ज्याला २०१९ मध्ये भारताने सुचवल्याप्रमाणे भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’ हे नाव मिळाले. तो ग्रह वेगमापनातून सापडलेला आहे, तेव्हा त्याचे अधिक्रमण टिपण्याच्या मागे लागू नये; तारा मात्र मुलांना दाखवावा. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर जागण्याची तयारी असेल तर शौरीतील ट्रेस-३ बी घ्यावा.

तरीही पहिल्या हंगामात ग्रहाला हात न लावता एखादा ग्रहणकारी जोडतारा घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सप्तर्षीतील डब्ल्यू उर्से मेजोरिस आठ तासांत आपला फेरा पूर्ण करतो आणि त्याची तेजस्विता पाऊण प्रतीने, म्हणजे जवळजवळ निम्म्याने, कमी-जास्त होते. एवढा मोठा बदल नीट, गुळगुळीत आलेखात उतरला की मग दोन टक्क्यांच्या बदलाकडे वळावे. ज्यांनी ही पायरी गाळली त्यांचे आलेख मी पाहिले आहेत. त्यांत अधिक्रमण आहे की ढगाचा पातळ पापुद्रा, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नव्हते.

आता आपल्या हवेविषयी. कोकणातील वेधकर्त्याला खरे झगडावे लागते ते येथेच. तारा लुकलुकतो तो हवेतील थरांमुळे आणि लहान दुर्बिणीत हे लुकलुकणे जास्त जाणवते. २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने समुद्रसपाटीवरून, तारा बराच उंच असताना, एक मिनिटाचे चित्र घेतले तर निव्वळ लुकलुकण्यामुळे येणारी अनिश्चितता साधारण हजारात दीड ते दोन भाग असते. लडाखमध्ये हानले येथे, ४,५०० मीटर उंचीवर तीच दुर्बीण नेली तर ती सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होईल. म्हणजे आपला तोटा आहे, पण तो दोन टक्क्यांच्या घटीसाठी जीवघेणा नाही. जीवघेणे ठरते ते तारा क्षितिजाकडे कलल्यानंतरही वेध चालू ठेवणे. ३० अंश उंचीवर हवेचा थर दुप्पट होतो आणि लुकलुकणे तिपटीहून अधिक वाढते, त्यात खाली समुद्रावरचा क्षारयुक्त धूसरपणा असतोच. म्हणून ४० अंशांच्या खाली गेलेल्या ताऱ्याची चित्रे घेऊ नयेत, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. पश्चिमेकडे समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी चालू असेल तर त्या बाजूचे आकाश उजळते. अशा रात्री पूर्वेकडचाच तारा निवडावा.

सड्याची जागा उत्तम आहे, मात्र कातळ दिवसभर तापतो आणि सूर्यास्तानंतर बराच वेळ उष्णता सोडत राहतो, त्यामुळे पहिल्या तास-दीड तासात ताऱ्याचे चित्र फुगलेले आणि अस्थिर येते. दुर्बीण शक्यतो कातळाच्या उघड्या पाठीवर न लावता गवताच्या किंवा मातीच्या तुकड्यावर लावावी आणि सूर्यास्तापूर्वीच बाहेर काढून ठेवावी. संध्याकाळचे खारे वारे पडून रात्री मतलई वारे सुरू झाले की हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते, तुलनेने कोरडी होते आणि आकाश निवळते. माझे चांगले वेध बहुतेक याच वेळचे आहेत. डिसेंबर-जानेवारीत मात्र दव एवढे पडते की दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर तापपट्टी आणि दवरोधक नळी लावल्याशिवाय काम सुरूच करू नये. दव हळूहळू जमते, त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश हळूहळू घटतो आणि नवखा निरीक्षक त्यालाच अधिक्रमणाची सुरुवात समजतो. वेध संपल्यावर काच पुसू नये, कोरड्या हवेत सुकू द्यावी. मीठ आणि वाळूचे कण घासले गेले तर काचेवरचा लेप जातो, आणि ओलसर पेटीत दुर्बीण बंद केली तर पावसाळ्यापर्यंत आत बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात.

या सगळ्यावरचा मुख्य उपाय म्हणजे तुलनेचे तारे. हवेचा थर, पातळ ढग, दव यांचा परिणाम एकाच चित्रातील सर्व ताऱ्यांवर जवळजवळ सारखा होतो, म्हणून आपल्या ताऱ्याचा प्रकाश शेजारच्या, शक्यतो तेवढ्याच तेजस्वी आणि त्याच रंगाच्या ताऱ्यांच्या प्रकाशाने भागायचा. एचडी १८९७३३ सारख्या तेजस्वी ताऱ्याजवळ तेवढा तेजस्वी साथीदार सहजासहजी मिळत नाही, म्हणून कॅमेरा असा फिरवावा की चित्राच्या कोपऱ्यात का होईना एक चांगला तारा बसेल. तारा संतृप्त होऊ नये, म्हणजे चित्रबिंदूंची प्रकाश मोजण्याची मर्यादा ओलांडली जाऊ नये, यासाठी प्रतिमा थोडी धूसर करावी. प्रकाश अधिक चित्रबिंदूंवर पसरला की एकेका बिंदूतील दोषाचा परिणामही घटतो. लाल गाळणी वापरावी, कारण आपल्या धूसर हवेतून लाल प्रकाश कमी विखुरतो. तारा रात्रभर शक्यतो त्याच चित्रबिंदूंवर राहिला पाहिजे आणि फ्लॅट चित्रे (कॅमेऱ्याचे दोष काढण्यासाठी एकसारख्या उजेडाची घेतलेली चित्रे) मन लावून घेतली पाहिजेत. संध्याप्रकाशात आकाशाकडे दुर्बीण रोखून घेतलेली उत्तम. तुलनेचा तारा स्वतःच चल (तेज बदलणारा) निघण्याची शक्यता असते, म्हणून किमान तीन तारे घेऊन ते एकमेकांशी ताडून पाहावेत. मोजणीसाठी अ‍ॅस्ट्रोइमेजजे ही मोफत संगणक-प्रणाली पुरेशी आहे.

एवढे करून मिळणाऱ्या आलेखाचा शास्त्राला उपयोग काय? उपयोग वेळेचा आहे. ग्रहाच्या परिभ्रमणकाळात एका सेकंदाची चूक राहिली असेल, तर साडेतीन दिवसांत फेरी मारणाऱ्या ग्रहाच्या बाबतीत दहा वर्षांत ती साचून सुमारे १७ मिनिटांची होते. वेबसारख्या दुर्बिणीचा वेळ अत्यंत मौल्यवान असतो आणि अधिक्रमण नेमके केव्हा सुरू होणार हे पक्के माहीत असल्याशिवाय तो वाया जाण्याचा धोका राहतो. म्हणून नासाच्या ‘एक्झोप्लॅनेट वॉच’ या उपक्रमात, आणि युरोपच्या नियोजित एरियल दुर्बिणीसाठी चालणाऱ्या ‘एक्झोक्लॉक’ या उपक्रमात, लहान दुर्बिणींचे वेध स्वीकारले जातात. शिवाय भारतातील रात्री घडणारी अधिक्रमणे चिली किंवा हवाई येथून दिसत नाहीत, कारण तेथे तेव्हा दिवस असतो किंवा तारा मावळलेला असतो. आपल्या रेखांशावरचा वेध म्हणूनच मोलाचा ठरतो.

वेळ हेच मोजमाप असेल तर घड्याळाची हयगय चालणार नाही. सड्यावर मोबाइलला रेंज नसेल तर संगणकाचे घड्याळ जीपीएसवरून जुळवावे आणि वेध संपल्यावर पुन्हा तपासावे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतो आणि हा फरक दोन्ही बाजूंना आठ मिनिटांपर्यंत जातो. म्हणून सर्व वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी संबंधित कालमापनात बदलाव्या लागतात. त्यातही नागरी जागतिक वेळ आणि खगोलीय गतिकीय वेळ यांच्यात सध्या ६९ सेकंदांहून थोडा अधिक फरक आहे, आणि कोणती वेळ वापरली हे न लिहिल्यामुळे चांगले आलेख निरुपयोगी झालेले मी पाहिले आहेत.

संगणकावर नोंदी उतरवून द्याव्यात का, या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर पावसाळ्यात आहे. जून ते सप्टेंबर सड्यावर जाता येत नाही, तेव्हा टेसच्या नोंदी जरूर उतरवाव्यात. त्या सर्वांसाठी मोफत खुल्या आहेत आणि पायथॉन भाषेतील लाइटकर्व्ह या साधनसंचाने मुलांना त्या हाताळता येतात. पुढच्या हंगामात जे तारे मोजायचे आहेत त्यांचेच टेसचे आलेख पाहायला द्यावेत. एचडी १८९७३३ चा प्रकाश साधारण बारा दिवसांच्या परिवलनाबरोबर, डागांमुळे, एक-दोन टक्क्यांनी हेलकावतो. ग्रहामुळे होणारी तीक्ष्ण घट आणि ताऱ्याचा हा संथ हेलकावा एकमेकांपासून वेगळे कसे करायचे, हे अवकाशातून आलेल्या स्वच्छ नोंदींवर शिकले की ऑक्टोबरात स्वतःच्या खडबडीत नोंदींत काय शोधायचे हे कळते.

शेवटी जतनाबद्दल. आलेख पाठवला म्हणजे मूळ चित्रे पुसायला हरकत नाही, असे मुलांना वाटू देऊ नये. वॅस्प-१२ बी या ग्रहाचा परिभ्रमणकाळ वर्षाला सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटत आहे, म्हणजे तो हळूहळू आपल्या ताऱ्याकडे ओढला जात आहे, हे दहा-बारा वर्षांतल्या, वेगवेगळ्या दुर्बिणींच्या अधिक्रमण-वेळा एकत्र मांडल्यावरच सिद्ध झाले. आज घेतलेली चित्रे पुढे कोणी अधिक चांगल्या पद्धतीने पुन्हा मोजू शकेल, यासाठी त्या रात्रीची फ्लॅट आणि डार्क (झाकण लावून घेतलेली) चित्रे, घड्याळ जुळवल्याची नोंद, गाळणीचे नाव आणि हवेची स्थिती लिहिलेले टिपण त्यांच्याबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवावे, आणि त्या फोल्डरची एक प्रत महाविद्यालयाबाहेरही असावी.